तारवालीचा सप्लाय

आमची बाई, म्हणजे माझी बायको, चालू अँप्लिफायरला भीत नसे, बंद अँप्लिफायरला भ्यायची. प्लग काढला तरी हात लावायची नाही. आधी बल्बच्या दोन तारा वीज साठवून ठेवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरला टेकवायची. बल्ब क्षणभर लालसर व्हायचा, विझायचा, मगच ती पेचकस उचलायची. "माणूस निजला म्हणून मेला का?" म्हणायची. पोंभुर्ण्यात तिचं नाव कोणी घेत नसे. सगळे तारवालीच म्हणत.

मी चौथी शिकलो, ऊर्जानगरात कंत्राटदाराकडे कोळसा ओढला. ती शिकली चंद्रपूरला, भावाच्या रेडिओच्या दुकानात. लोक घरीच अँप्लिफायर जोडत. आवाज वाढवणारी पट्टी कोणीही जोडे, पण त्याला करंट पुरवणारा सप्लाय करायला तिच्याकडेच येत. "ताकद मांगून येते," ती सांगायची. "समोरचा डब्बा फकत तोंड हाय."

वाइंडिंगला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर तार गुंडाळायला, बसायच्या आधी ती एकच विचारायची, कुठी वाजवणार? धानाचे पंप सुरू झाले की खेड्यातली लाइन मरते, ते धरूनच ती ट्रान्सफॉर्मरचे वेढे ठरवायची. फ्यूज मात्र बारीकच ठेवायची, जास्त करंट ओढला तर आधी तोच उडावा म्हणून. आणि डब्याला अर्थिंगची तार, तिची सळई जमिनीत ठोकून वर पाणी. एकदा एक पोरगा हसला, "बाई, झाड लावून राह्यली का?"

"हो. वाळलं तर तूच वाळशील."

शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचा, सेट तिनंच केला होता. पटाच्या सकाळी आयोजकाचा माणूस आमच्या दारात चहाला थांबला. हसत म्हणाला, "बाई, तुमचा फ्यूज लय नाजूक. दोन भोंगे वाढवले तं उडूनच राह्यला. जाड तार टाकली त्याच्यात."

"अन् अर्थिंग?"

"बैलाच्या पायात येत होती. तोडली."

बाईनं पोळपाट सोडला. पिठाच्या हातानंच पक्कड घेतली. "अवो, गाडी काढा."

मी म्हणालो, "फोन लाव ना!" लावला. उचलतो कोण, भोंग्यात ऐकू येते का? वाटेत ती कानाशी ओरडून सांगत होती. वेढे तापले की आतला कागद जळतो. मग लाइन डब्यात उतरते, अर्थिंग नसली की डब्यातून माइकात. माइक मारोतीच्या हातात होता, जोड्या पुकारणारा मारोती. लेकरं लहान त्याची.

नाला ओलांडला तेव्हा त्याचा आवाज ऐकू आला. जीव भांड्यात पडला. तो बैलांची नावं घेत होता, कोणाची तरी थट्टा करत होता. "बोलत राह्य रे बापा," बाई मागे पुटपुटली. मी गाडी रेटली. आवाज मोठा होत गेला, आणि एका नावाच्या मधातच तुटला.

बाईची बोटं माझ्या खांद्यात रुतली. पळसाच्या रांगेतून तेवढा रस्ता मी कसा काढला, मला सांगता येत नाही.

मारोती उभा होता. माइकाला रुमाल गुंडाळून! "हाताला मुंग्या येत होत्या म्हणून," म्हणाला. डब्यातून जळका वास येत होता. फ्यूजात टाकलेली तारही वितळून आवाज तुटला होता, आणि आयोजक तिथं दोन पदरी तार पिळत होता.

बाईनं प्लग ओढला आणि पकडीनं वायरच कापून टाकली.

"अवं बाई! जोड्या उभ्या हायत. लोकं बोंबलून राह्यले!"

"बोंबलू दे. जिते हायत म्हणून बोंबलतात."

मारोतीला तिनं, रुमाल गुंडाळण्यापेक्षा माइक का नाही टाकला म्हणून, असं झापलं की तो मान खाली घालून ऐकत राहिला. उरलेला पट त्यानं नुसत्या गळ्यानं पुकारला. जळका ट्रान्सफॉर्मर बाई मांडीवर घेऊन घरी आली.

बाई गेली. विजेनं नाही, तापानं. विजेला तिनं कधी सापडू दिलं नाही स्वतःला. तिच्या माघारी घरात शांतता असते, ती मी सोसतो. पण दूर कुठं लग्नाचा भोंगा वाजता वाजता मधातच बंद पडला, की मी बाजेवरून उठतो. चप्पल घालतो, गाडीला किल्ली लावतो. आणि थांबतो, मागं कोणी बसायची वाट पाहत.