डिमिनिश्ड कॉर्ड, एक घर पुढे

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. आईला सांगणार होते, ती गेली. तुला सांगतेय, आणि मधे बोलू नकोस — नाहीतर मी गोड बोलून विषय बदलेन. त्यात मी पटाईत आहे.

परवा एका लग्नात कुणीतरी म्हणालं, 'आप्पांचं तू किती केलंस गं.' आप्पा म्हणजे माझे सासरे. असं कुणी म्हटलं की डोकं फिरतं माझं. केलं ना. पण काय केलं, ते कुणी कधी विचारलंय?

युकुलेले घरात आणलं मी. चार तारांची छोटी गिटार म्हण. दोन वर्षं व्हिडिओ बघून बोटं सोलवटून घेतली. मग शुभा आली — माझी धाकटी जाऊ, बोरीवलीत आमच्याच सोसायटीत, पलीकडच्या विंगमध्ये राहते. 'ताई, मलाही शिकव ना,' म्हणाली आणि दोन महिन्यांत माझ्या पुढे गेली. आणि आप्पांनी काय करावं? त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाला ते त्यांचं लाडकं भावगीत गाणार, आणि साथीला — शुभा. का, तर म्हणे शुभाचा हात हलका आहे. आणि माझ्या हातात काय मुसळ होतं?

त्या गाण्यातली एक कॉर्ड — चार सूर एकदम वाजतात ती — तिला येत नव्हती. डिमिनिश्ड. ही कॉर्ड मुळातच कानाला टोचते, जीव टांगणीला लावते. तिची एक गंमत आहे — बोटं तशीच ठेवून तीन घरं, म्हणजे तारांखालच्या पट्ट्यांमधले तीन कप्पे, पुढे सरकवली तरी तीच कॉर्ड वाजते. एकच घर सरकवली, तर गाणाऱ्याची वाट लागते. पण एकटं वाजवणाऱ्या नवख्या माणसाला ते कळत नाही, कारण टोचते ती दोन्हीकडे. मला हे सगळं पाठ होतं. मी शुभाला ती एक घर पुढे शिकवली.

चुकून? नाही. तिची बोटं मी माझ्या हातांनी धरून तिथे ठेवली.

'ताई, कसंतरीच वाटतंय गं हे,' ती म्हणाली.

'डिमिनिश्ड आहे ना ती,' मी म्हटलं. 'तसंच वाटायला पाहिजे.'

तिने विश्वास ठेवला. इतका कशाला ठेवायचा? — बघ, अजूनही तिचाच राग येतो मला. लाज वाटायला हवी, तिथे राग येतो.

तालीम झालीच नाही. 'रोजचं गाणं, त्याला तालीम कसली?' म्हणाले आप्पा. सोसायटीच्या हॉलमध्ये एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळून झालं आणि ते गायला बसले. मला एवढंच हवं होतं — ती चुकेल, चार लोक बघतील, आप्पा म्हणतील, थोरलीला बोलवा. ती कॉर्ड आली. आप्पा अडखळले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडले. शुभाकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. आप्पांनी हात जोडले. 'माफ करा,' म्हणाले. 'सूर गेला माझा.'

रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लागला की गाणारा माणूस. त्यानंतर अडीच वर्षं जगले, एकदाही गायले नाहीत. शुभाने युकुलेले माळ्यावर टाकलं — आप्पा गात नाहीत, तर कुणासाठी वाजवू, म्हणाली. एक वाक्य बोलायचं होतं मला. रोज सकाळी ते तोंडाशी यायचं आणि रोज मी चहाबरोबर गिळायचे. गोळ्या मात्र वेळेवर दिल्या. पाय चेपले. ते सगळ्यांनी बघितलं.

शेवटच्या महिन्यात एकदा पेज भरवत होते. त्यांनी माझा हात थांबवला. 'तू कानाची पक्की. खरं सांग, त्या दिवशी माझंच चुकलं ना?'

'वय झालं ना, आप्पा,' मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि उरलेली पेज संपवली.