भानुदासकाकांचं सायडर

माझं अक्षर वाईट आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका फार होतील. ही वही कुणाच्या हाती पडलीच तर त्यांनी सांभाळून घ्यावं. भानुदासकाकांबद्दल बोलायचं मला कधी जमलं नाही. चार माणसांत माझा आवाजच निघत नाही. म्हणून लिहिते.

काका बाटली टेबलावर ठेवायचे, खुर्ची उलटी फिरवायचे आणि भिंतीकडं तोंड करून बसायचे. मग म्हणायचे, "घे सुमन, वास घे. मी बघत नाय." मी बूच काढून वास घ्यायचे. तेवढा वेळ काकांची पाठ ताठ असायची. मी "वास येतो" म्हणाले की त्यांचे खांदे खाली यायचे. "मोरीत ओत," एवढंच म्हणायचे आणि चप्पल घालून बाहेर जायचे. जेवायला फार उशिरा यायचे.

मी त्यांच्याकडं स्वयंपाकाला होते. काका चितेगावच्या एका कारखान्यात फिटर होते. बायको वारलेली, मूलबाळ नव्हतं. पहिल्या दिवशी मी दाराआडूनच विचारलं होतं, "घरात दारू चालती का?" माझा नवरा दारूनं गेला. तो घराच्या कोपऱ्यावर असायचा तेव्हाच मला वासानं कळायचं, आज पिऊन आलाय की नाही. तेही मी काकांना सांगितलं. काका म्हणाले, "चालत नाय. पण तुझं नाक असं असंल तर मला लई दिवसांपासून असंच माणूस पायजे व्हतं." मला वाटलं, थट्टा करतात.

पहिली बाटली कारखान्याच्या साहेबांनी इंग्लंडहून आणली होती. सोनेरी पाणी, वर सफरचंदाचं चित्र. काका म्हणाले, ह्याला सायडर म्हणतात. वर सफरचंदाचा गोड वास आणि खाली तोच, माझ्या ओळखीचा. मी बूच लावून लांब सरकले. "काका, ही दारू आहे. मी उद्यापासून येत नाही."

तेव्हा काका भिंतीकडं तोंड ठेवूनच बोलले. एवढं बोललेले मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

कारखाना नवा असताना काका आणि खुलताबादचे युसूफभाई, दोघांना इंग्लंडला पाठवलं होतं. तिथली एक जुनी मशीन उकलून इकडं आणायची होती. उतरले होते एका खेड्यात. आजूबाजूला सफरचंदाच्या बागा. शेजारचा शेतकरी रोज संध्याकाळी त्यांच्यासाठी सुरईभर सायडर ठेवायचा. युसूफभाई पाच वक्ताचे नमाजी. त्यांनी विचारलं, "भानू, ये क्या है रे?" काका म्हणाले, "ज्यूस है. सेब का."

"तुम्हाला माहीत नव्हतं?" मी विचारलं.

"माहीत व्हतं. पहिल्याच घोटाला कळलं व्हतं. थंडी लई, अन् एकट्यानं प्यायची लाज वाटायची."

युसूफभाई आठ-दहा दिवस प्याले. बायकोला पत्रात लिहिलं की इथं रस फार चांगला मिळतो, पोरांसाठी आणता आला असता तर बरं झालं असतं. मग घरमालकीणबाईनं हसत हसत खरं सांगितलं.  उरलेले दिवस युसूफभाई पान्हा हवा असला तर हात पुढं करायचे, काकांचं नाव घ्यायचे नाहीत. परत आले, घरी खरं सांगितलं आणि वर्षाच्या आत काविळीनं गेले. आठ-दहा दिवस प्यायल्यानं कावीळ होत नाही, असं डॉक्टरांनी काकांना दोनदा सांगितलं. तरी काका तिसऱ्यांदा विचारायला गेले होते.

मातीच्या दिवशी युसूफभाईंच्या बायकोनं, सकीनाभाभींनी, दारातच विचारलं, "भाई, तुमे मालूम था क्या?" काका म्हणाले, "नहीं भाभी. मैं तो ज्यूसच समझा."

"मेलेल्या माणसाच्या दारात खोटं बोललो, सुमन. तवापासून भाभी माझ्याशी बोलल्या नायत. कुठंतरी, कुठल्यातरी मुलखात हे नुसता रस म्हणून मिळत असंल, तर माझं बोलणं निदान तेवढं तरी खरं व्हईल. मी सोता वास घेतला तर माझं नाक माझ्याच बाजूनं बोलंल. म्हणून तू घे."

मी काम सोडलं नाही.

पुढं कारखान्यातलं कुणी परदेशी निघालं की काका आदल्या दिवशी त्याच्या घरी जायचे. जर्मनीची बाटली आली, ती आंबट ताकासारखी. त्यात दारू होती. फ्रान्सची आली, जाड काचेची, बुचाला तार बांधलेली. उघडताना असा आवाज झाला की मी किंचाळले. त्यातही होती, थोडी कमी. जपानची आली तेव्हा मी तीनदा वास घेतला.

"काका, ह्यात सफरचंदच नाही."

"मग काय हाय?"

"लिंबू सोडा. बसस्टँडवर मिळतो तसला."

काका खुर्ची फिरवून बघायला लागले. "नाव काय लिवलंय?"

नाव सायडरच होतं, असं साहेबांच्या मुलानं वाचून सांगितलं होतं. काका हसले. मी त्यांना हसताना तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. "एवढा समुद्र वलांडून सोडा आला व्हय! आण दोन ग्लास." आम्ही तो सोडा प्यायलो, शेंगदाणे खाल्ले. मी घरी निघताना ते म्हणाले, "पण हे चालायचं नाय. युसूफनं सफरचंद प्यालं व्हतं."

मग कुणीतरी सांगितलं की अमेरिकेत सफरचंदाच्या ताज्या रसालाच सायडर म्हणतात, शाळेतली पोरं पितात. साहेबांच्या मुलानं तिथून येताना आणलं. पांढरा प्लॅस्टिकचा कॅन, आत गढूळ, तांबूस रस. काका भिंतीकडं तोंड करून बसले. मी वास घेतला. नुसतं सफरचंद. पुन्हा घेतला. नुसतं सफरचंद.

"नाही येत," मी म्हणाले.

 काकांनी डोळे पुसले आणि विचारलं, "आज काय वार?" युसूफभाईंच्या बरसीला आठ दिवस होते. त्याच दिवशी न्यायचं ठरलं. काकांकडं फ्रीज नव्हता. मी कॅनला ओलं फडकं गुंडाळून माठाच्या आडोशाला ठेवला. मला वाटलं, तेवढं पुरे.

खुलताबादला काकांनी मलाही नेलं. म्हणाले, "तू साक्षीदार." सकीनाभाभी दारात उभ्या होत्या. बारीक अंगाच्या, पांढरी ओढणी. काकांकडं न बघता म्हणाल्या, "आओ. बैठो." मुलं फातिहा पढून कामाला गेली होती. घरात आम्ही तिघंच.

"भाभी, येच है वो," काका म्हणाले. त्यांनी पिशवी माझ्याकडं सरकवली. "अमेरिका में बच्चे लोगां पीते. ये सुमन है, इसको पूछो. ये झूट नै बोलती."

आतला कॅन फुगलेला होता. मी झाकण फिरवलं तर फस्स करून हवा गेली आणि वास माझ्या नाकात शिरला. माझा नवरा कोपऱ्यावर असायचा, तोच. आठ दिवसांत त्या रसानं जे व्हायचं ते होऊन घेतलं होतं.

फुगलेला कॅन दिसला असता तर काकांना लगेच कळलं असतं, पण सवयीनं त्यांनी भिंतीकडं तोंड केलं होतं. भाभींच्या घरातसुद्धा.

"सुमन?" ते म्हणाले.

"नाही येत," मी म्हणाले.

मी ग्लासात ओतलं. भाभींनी ग्लास उचलला, ओठांपर्यंत नेला आणि थांबल्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली फरशीकडं बघत राहिले.  मग ग्लास जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला.

"ज्यूसच है, भाई," सकीनाभाभी म्हणाल्या. "मीठा है. अब नक्को मंगाओ कहीं से."

काका रडले. भाभींनी त्यांना रडू दिलं. मग चहा केला, गोड चौंग्याचा तुकडा दिला. आम्ही निघताना तो ग्लास तसाच भरलेला होता.

एसटी घाट उतरत असताना काका म्हणाले, "भाभी प्यायल्या नायत."

"रोजा असेल."

"चहा पेल्या की त्या."

 काका खिडकीबाहेर बघत राहिले. शहराचे दिवे दिसायला लागले तेव्हा हळूच म्हणाले, "असंल. असंल काहीतरी."

त्यानंतर बाटल्या बंद झाल्या. कुणी परदेशी निघालं तरी काका त्याच्या घरी गेले नाहीत. ईदला भाभींकडून शीरखुर्म्याचा डबा यायचा, दिवाळीला इकडून फराळ जायचा. काका भाभींबद्दल बोलायचे, युसूफभाईंबद्दलही बोलायला लागले होते. पण त्या दिवसाबद्दल कधी बोलले नाहीत, आणि मला कशाचाच वास घ्यायला सांगितलं नाही. दीड वर्षानं, दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत.

सकीनाभाभी आल्या होत्या. ओट्यावर माझ्याशेजारी बसल्या. "उनको पता था क्या?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "माहीत नाही." त्या म्हणाल्या, "मेरेकू भी." मग आम्ही दोघी तिथंच बसून राहिलो, तिरडी बांधून होईपर्यंत.

काका गेल्याला आता पुष्कळ वर्षं झाली. अजूनही स्वयंपाकघरात कुणाकडं पाठ करून उभी असले की मागून कुणीतरी विचारतंय असं वाटतं. मी वळून बघत नाही. तोंडानं सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून इथं लिहिते.

काका, वास आला होता.