सेवेला आलेले पावणे

लकव्यानं आबांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली, तेव्हा मी पुण्यात शाळेत शिकवत होते. एकुलती एक लेक. कोल्हापुरात पेठेतल्या दोन खोल्यांत आई-आबा दोघंच. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आईंचं हृदय थकलंय. आबांना उचलणं, वळवणं त्यांनी बंद करायचं. बसवा त्यांना, नाहीतर दुसरी खाट टाकायची तयारी ठेवा." बसवा म्हणे! आमच्या आईला बसवायचं म्हणजे वाऱ्याची मोट बांधायची.

माझी रजा संपत आली होती. नातेवाईक यायचे, केळी ठेवायचे, "काळजी घ्या हं" म्हणायचे आणि आईनं केलेला चहा पिऊन जायचे. त्या केळ्यांचा मला इतका संताप यायचा की सांगता सोय नाही. शेवटी दवाखान्यातल्या एका नर्सनं आजाऱ्यांच्या सेवेला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोचा पत्ता दिला. तिथून पन्नाशीतले एक गृहस्थ आले. मूळ शाहूवाडीकडचे, इथं लेकीकडं राहायचे. आल्याआल्या त्यांनी बाह्या सारल्या, आबांना अलगद कुशीवर घेतलं, पाठ पुसली, पावडर लावली. देव पावला, म्हटलं.

दुपारी त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि आई बिथरलीच.

"पावणं, ठेवा तो डबा! माझ्या घरात माणूस गार भाकरी खाईल व्हय? लोकं तोंडात श्यान घालतील."

"मावशी, मी कामाला आलोय. पावणा न्हवं."

"उंबऱ्याच्या आत आलासा न्हवं? मग पावणंच की."

झालं! दुसऱ्या दिवसापासून सकाळी पोहे, दुपारी गरम भाकऱ्या, मग चहा, रविवारी मटण, तेही तांबडा-पांढरा दोन्ही रश्शांसकट. जिनं बसावं म्हणून माणूस ठेवला, ती त्याच माणसासाठी दिवसभर ओट्यापाशी उभी. पाय सुजून टम्म. ते बिचारे ताटावर कानकोंडे होऊन बसायचे, आणि नको म्हणावं तर ही रुसायची.

मी डोकं लढवलं, रजा वाढवून घेतली आणि स्वयंपाकाला बाई लावली. तर आईनं तिच्यासाठीही थालीपीठ लावलं, "दमली असशील गं बाई" म्हणत तिच्या हातातलं लाटणं काढून घेतलं. थोड्याच दिवसांत त्या बाईनं यायचं सोडलं. म्हणाली, "तिथं मला कामच न्हाय की!"

माझं टाळकं सरकलं. मी आईवर ओरडले, "मरशील अशानं! मग आबांना कोण बघणार? मी नोकरी सोडून येऊ?"

ती भाकरी थापत होती. हात काही थांबले नाहीत.

"पावणं त्यास्नी धुत्यात, पुसत्यात, कूस बदलत्यात. मी हात लावाय गेले की म्हणत्यात, मावशी, तुम्ही बसा. डॉक्टर म्हणतोय बसा. तू म्हणतीस बस. आता चुलीपाशी बी उभी ऱ्हाऊ नगं? मग मी काय करू गं? त्यांच्या मरणाची वाट बघत बसू व्हय?"

भिंतीला टेकून मी रडले, मोठ्यानं रडले. आईनं भाकरी तव्यावर टाकली.

त्या संध्याकाळी मी पावण्यांना म्हटलं, "बाकी सगळं तुम्ही करा. आबांना भरवायचं मात्र आईनं." आबांना घास गिळायला फार वेळ लागायचा. वाटीभर मऊ भात संपेपर्यंत आईला खुर्ची सोडता यायची नाही. भरवताना ती त्यांना अख्ख्या पेठेच्या भानगडी सांगायची. मधेच दटावायची, "आ करा की ओ, तोंडात काय धरून बसलाय!" जेवणाचाही तोडगा निघाला: भाकरी पावण्यांच्या घरची, कोरड्यास, म्हणजे भाजी-आमटी, आमचं. तेवढ्यावर आई कशीबशी मानली. पायांची सूज उतरायला लागली. जमलं बाई, असं म्हणत मी पुण्याची एसटी धरली.

कसलं जमलंय! थंडीत आई गेली. आबांच्या आधी. भर दुपारी, हृदयानंच.

दिवसकार्य उरकलं. तेवढे दिवस आबांनी चार चमचे पेज तेवढी घेतली. पावणे म्हणाले, "ताई, तुम्ही जावा, मी हाय." मी गेले. आणि दोनच दिवसांत मुख्याध्यापकांनी मला वर्गातून फोनवर बोलावून घेतलं.

"ताई, या लगोलग. मी भरवून बघितलं. माझ्या लेकीला आणून तिच्या हातनं बघितलं. आबा तोंड उघडंनात."

मी आले. भात कालवला, साजूक तूप घातलं, खुर्ची ओढून घेतली आणि चमचा त्यांच्या ओठांशी नेला.

"आबा, मी आहे. एक घास."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. ओळखलं. मग तोंड मिटलेलंच ठेवून मान भिंतीकडं वळवली.