शिंपल्यांसाठी उजेड

अमरावतीच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्राची डिमॉन्स्ट्रेटर झाले, तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत जिवंत असं काही नव्हतं. जे होतं ते फॉर्मलिनच्या बरण्यांत, लेबल लावून बसलेलं. बेडूक तेवढे सकाळी जिवंत यायचे, पण त्यांचा मुक्काम दुपारपर्यंतच. त्यामुळे त्रेसष्ट सालच्या हिवाळी सहलीत रामेश्वरच्या बाजूला खडकाला चिकटलेले, निळ्या-तपकिरी कडांचे शिंपले पाहिले आणि मी हट्टच धरला, की यातले तीन अमरावतीला न्यायचे आणि जिवंत ठेवायचे.

ओल्या गोणपाटात गुंडाळलेले शिंपले आणि समुद्राच्या पाण्याच्या बुधल्या घेऊन आम्ही बडनेऱ्याला उतरलो. काचेच्या छोट्या टाकीत त्यांची सोय लागली. विभागप्रमुख सर सगळ्या स्टाफसमोर म्हणाले, "बाई, जूनमध्ये कॉलेज उघडेपर्यंत हे जगले, तर टाकी तुमच्या ताब्यात आणि जिवंत प्राण्यांचे तास तुमचे. नाहीतर बरण्या आहेतच." मीही सगळ्या स्टाफसमोर म्हणाले, "जगतील." आधी बोलायचं आणि मग निस्तरत बसायचं, हा माझा जुना स्वभाव.

त्या कॉलेजात शिकवणारी आमच्या समाजाची मी पहिलीच बाई. बाबा बडनेऱ्याला रेल्वेत वायरमन होते. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, तेव्हापासून त्यांचं एकच म्हणणं होतं, की पोरीनं नुसतं शिकायचं नाही, शिकवायचं. त्या टाकीत मी नापास झाले असते, तर ते माझ्या एकटीचं नापास होणं नव्हतं. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

जानेवारी-फेब्रुवारी बरे गेले. मार्चमध्ये ऊन तापलं आणि मी अस्सल वऱ्हाडी माणूस करील तेच केलं. खिडक्या लावून घेतल्या, वाळ्याचा पडदा टांगून त्यावर पाणी शिंपडलं आणि टाकी सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात सरकवली. आपल्याकडे उन्हाळ्यात पाहुण्याला याहून मोठा मान नाही. माझे पाहुणे मात्र पंधरा दिवसांत पांढरे पडायला लागले. निळ्या कडा धुतल्या फडक्यासारख्या झाल्या, तेव्हा मी घाबरून शंभर वॅटचा बल्ब आणला आणि टाकीवर लोंबकळता सोडला. चौथ्या दिवशी एक शिंपला उघडला तो मिटलाच नाही. सरांनी बरणी पुढे केली. मला त्यांचा राग आला, आणि खरं सांगायचं तर माझाच जास्त आला.

रविवारी घरी बडनेऱ्याला जेवायला बसले. बाबांनी विचारलं, "काहून तोंड उतरलं वं?"

मी सगळं सांगितलं. ते जेवता जेवता ऐकत होते. मग म्हणाले, "हे शिंपले तुले भेटले कुठी?"

"गुडघाभर पाण्यात, खडकावर."

"वरतं काई झाड-गिड?"

"समुद्रात झाड कुठलं, बाबा? डोक्यावर नुसतं ऊन होतं."

"मंग तू यायले पडद्यामागं काहून कोंडून राहिली? तुले गरम होते म्हणून?"

मी एम.एस्सी. झालेली बाई, आणि हा प्रश्न बाबांना विचारावा लागला. दुसऱ्या दिवशी लायब्ररीत जाड पुस्तक उघडलं, तर त्यात स्पष्ट लिहिलेलं, की या जातीच्या शिंपल्यांच्या मांसात बारीक शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यावर शिंपला जगतो. काखेत कळसा म्हणतात तो हा. जन्मभर दिवे लावणारा माणूस घरात, आणि मी बल्ब आणायला राजापेठेत.

पुढच्या रविवारी बाबा पकड-टेस्टर घेऊन कॉलेजात आले. आल्याआल्या बल्ब पेटवून त्याखाली पाण्याजवळ तळहात धरला, आणि थोड्या वेळानं काढून घेतला. "हा निम्मा दिवा हाये आन् निम्मी शेगडी," ते म्हणाले. मग एक ट्यूबलाइट लावून पाहिली. हात गार राहिला, पण टाकीच्या तळाशी उजेड पोचेना. प्रयोगशाळेतली जुनी ट्यूब मी पुढे केली, तर तिची काळी पडलेली टोकं बघून त्यांनी ती परत दिली. म्हणाले, थकलेल्या बैलाला जुंपू नये. शेवटी दोन नव्या, दोन-दोन फुटी ट्यूब, आतून पांढऱ्या रंगवलेल्या पत्र्याखाली, पाण्यापासून वीतभर उंचीवर. ट्यूबचा चोक गरम होतो म्हणून तो लांब भिंतीवर. आणि शिंपले दगड रचून त्यावर ठेवले.

"यायले वरच्या बर्थवर घे," बाबा म्हणाले. "खाली काई दिसत नाई."

पडदा गेला. सकाळचं कोवळं ऊन टाकीवर येऊ द्यायचं, मग खिडकी लावून ट्यूब पेटवायच्या. टाकीला बाहेरून ओलं गोणपाट, वर पंखा, आणि खारेपणा वाढू नये म्हणून आटलेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी. मे महिन्याची सबंध सुट्टी मी रोज बडनेऱ्याहून अमरावतीला गेले. लोक म्हणत, ही शिंपल्यांना दूध पाजायला जाते. बाबाही दर रविवारी यायचे. नेहमी टाकीच्या बाजूनं, अंग चोरून, हात लांब करून काम करायचे. मला वाटे, वायरमनची खबरदारी. मेच्या अखेरीस दोन्ही शिंपल्यांच्या कडांवर तपकिरी रंग चढला, आणि एका सकाळी त्यात निळी रेघ दिसली. मी एकटीच होते. चक्क रडले.

जूनमध्ये कॉलेज उघडलं त्या दिवशी मी बाबांना मुद्दाम बोलावून घेतलं. सरांनी लांबूनच विचारलं, "ही दिव्यांची व्यवस्था कुणाची?"

"माझ्या बाबांची," मी म्हणाले. माझा आवाज जरा जास्तच मोठा निघाला, आणि त्याचं मला काही वाईट वाटलं नाही.

सर पुढे होऊन टाकीवर वाकले. त्याबरोबर दोन्ही शिंपले मिटले. सर दचकले. मी म्हणाले, "वरून सावली पडली की मिटतात, सर. मोठा मासा आला असं वाटतं त्यांना. कुणाचीही सावली चालत नाही."

बाबा दाराजवळ उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. म्हणाले, "साहेबाच्या सावलीनंबी मिटते का हा? मले वाटे, माह्याच सावलीनं मिटते. म्हटलं, यालेबी आपली सावली चालत नाई."

सरांनी वळून बाबांकडे पाहिलं. मीही. बाबांच्या आज्याला गावच्या रस्त्यावर आपली सावली कुणावर पडू नये म्हणून खाली शेताच्या धुऱ्यानं, बांधावरून चालावं लागे, हे बाबांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. ते तीन महिने बाजूनं काम का करत होते, ते मला तेव्हा कळलं. सावली कुणाचीच चालत नाही, हे मला एका वाक्यात सांगता आलं असतं, पण ते असे बाजूनं का, हे मी विचारलंच नव्हतं.

सरांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "या ना, इकडे या. उघडताना बघू." बाबा आले. पहिल्यांदाच ते त्या टाकीवर सरळ वाकले. उघडू लागलेले शिंपले पुन्हा मिटले, आणि दोघंही एक एक पाऊल मागे सरून वाट पाहत उभे राहिले. "टाकी तुमची, बाई," सर तिकडेच बघत म्हणाले. मी ऐकलं, पण माझं लक्ष टाकीकडे नव्हतं. बाबा सरांना ट्यूब वीतभरच उंच का, ते सांगत होते, आणि सर ऐकत होते.