पाय वर घ्या

वर्गाबाहेर बूट काढायला सुनीतीताईंना कुणाला शिकवावं लागलं नाही. ऑकलंडची मुलं तशीही बूट दाराशीच काढतात, काही तर हिवाळ्यातही अनवाणी हिंडतात. "जपानचं निम्मं काम ह्यांनी आधीच करून ठेवलंय," त्या म्हणायच्या. उरलेल्या निम्म्यात सुशी, ओरिगामी आणि निंजा. अकरा-बारा वर्षांच्या मुलांना जपानी शिकवणं म्हणजे वर्षानुवर्षं हे तिन्ही पुन्हा पुन्हा वाढणं, असं त्या चहा गाळता गाळता एकदा म्हणाल्या होत्या, आणि गाळणीत उरलेल्या चोथ्याकडे बघत राहिल्या होत्या.

मी अल्बनीत त्यांच्या घरी भाड्याने राहते. साहित्यात एम.ए. करते आणि काही दिवस माउंट वेलिंग्टनच्या मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात उभी असते. त्यांची शाळा तिथून चालत जाण्याइतकी जवळ. माझं काम लवकर संपलं की मी त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसते, त्यांचं आवरेपर्यंत वाचते, मग त्यांच्या गाडीतून आम्ही खाडीवरच्या पुलाच्या गर्दीत रांगत घरी येतो. गाडीत बोलण्याइतकं त्राण दोघींतही क्वचितच असतं.

तरी एका संध्याकाळी त्या बोलल्या. पुण्यात त्या एका जपानी कारखान्यात दुभाषी होत्या. ऑफिस झाडायला रोज एक बाई यायची. "पाय वर घ्या," म्हणायची. सगळे पाय वर घ्यायचे, बोलणं न थांबवता. "मीही घ्यायचे गं. तिचं नाव मला शेवटपर्यंत माहीत नव्हतं." मग कंपनीने त्यांना नागोयाला पाठवलं आणि तिथे एका शाळेचा वर्ग त्यांनी बघितला. जेवणानंतर मुलं उठली, बाकं मागे सरकवली आणि ओली फडकी जमिनीला लावून, वाकून, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत धावत सुटली. शिक्षकही त्यांच्यात होते. "भाषा मी आधीच शिकले होते," ताई म्हणाल्या, "पण कशासाठी शिकले ते त्या दिवशी कळलं."

या वर्षी त्यांनी ते वर्गात आणलं. सोजी, म्हणजे सफाई. प्रत्येकाने घरून जुना टॉवेल आणला, घडी घालून स्वतः टाके घातले, कोपऱ्यात नाव शिवलं. शेवटची दहा मिनिटं लहानसं जपानी गाणं लागायचं आणि ताई, मुलांच्या सेन्सेई म्हणजे बाई, त्यांच्याबरोबर गुडघ्यांवर बसून लादी पुसायच्या. नंतर बाहेरच्या कठड्यावर फडकी वाळत पडायची. ऑगस्टमधल्या त्या राखी उजेडात ती रांग बघून मला का कोण जाणे बरं वाटायचं. ताईंनाही वाटत असावं. त्या आठवड्यांत गाडीत त्या गुणगुणायच्या.

सगळ्यांनाच बरं वाटत होतं असं नाही. सँडरिंगहॅमला मिठाईच्या दुकानात वल्लरीचे बाबा भेटले. वल्लरी ताईंच्या वर्गातली.

"काय हो मॅडम, एवढी फी भरून पोरीला लादी पुसायला शिकवताय?"

"गुरुदत्त, सरकारी शाळा आहे. फी कुठली?"

"तेच म्हणतो. फुकटात एवढं शिकवलंत!" ते हसले, मग आवाज उतरवून म्हणाले, "घरी ताट उचलत नव्हती. काल मला म्हणते, बाबा, दिस कॉर्नर इज युअर्स."

वल्लरी त्यांच्यामागे उभी राहून बर्फीकडे बघत होती. "वेल, इट इज," ती म्हणाली.

सगळ्यात खूश होती अस्मिता. ती नाशिकची. इथे डिप्लोमा करायला आली आणि राहिली. संध्याकाळी शाळा साफ करायचं काम एका कंत्राटदाराकडे होतं, त्याच्याकडे ती होती. व्हॅक्यूम दप्तरासारखा पाठीवर बांधून ती एकेका खोलीतून फिरायची. ताईंच्या दारात आली की आत डोकावून म्हणायची, "ताई, तुमच्या वर्गात आलं की माहेरी आल्यासारखं वाटतं. काही करायलाच नको!"

"बस मग जरा," ताई म्हणायच्या. ती कधी बसायची नाही.

मुख्याध्यापिका हेलन यांनी सोजीचे फोटो शाळेच्या वार्तापत्रात छापले. मग इतर वर्गांनी ते उचललं. सप्टेंबरपर्यंत शाळाभर शेवटची दहा मिनिटं मुलं वाकलेली दिसू लागली. ताई म्हणाल्या, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या वर्गाबाहेर काहीतरी पोचलं."

त्याच आठवड्यात अस्मिता दारात आली, पण डोकावली नाही. सरळ सांगितलं, "ताई, आता मी तुमच्याकडे दिवसाआड येणार. सगळ्याच वर्गांत. मुलं करतातच म्हणे."

"बरंच झालं की. तुझी दमणूक कमी."

"दमणूक कमी, तासही कमी." ती हसली. "काही नाही हो. सकाळचं एक काम घेतलंय, मॉलचं, उघडायच्या आधी. नवरा, शिवाजी, रात्री पावाची गाडी चालवतो, तो घरी पोचायच्या आत मला निघावं लागतं. मग पिल्लूला झोपेतच उचलते आणि मैत्रिणीकडे टाकते. चार वर्षांचीच आहे ना, गाडीत पुन्हा झोपते."

"रडते?"

"पहिले दोन दिवस रडली. आता नाही रडत."

व्हॅक्यूम सुरू झाला. ताईंच्या हातातली वही कितीतरी वेळ त्याच पानावर होती.

दुसऱ्या दिवशी त्या हेलनकडे गेल्या. काय झालं ते मला पुलावर कळलं. हेलन प्रेमाने बोलल्या होत्या. वाचलेल्या पैशांतून ग्रंथालयाचं गळकं छप्पर दुरुस्त होणार होतं. "आणि हे तुझ्यामुळे शक्य झालं, सुनीती." ताईंनी सांगितलं, जपानमध्ये हे कुणाचं काम काढून घेऊन मुलांना दिलेलं नाही. हेलन म्हणाल्या, इथेही कुणाला काढलेलं नाही. चित्रकलेची आणि स्वयंपाकाची खोली अजून रोज साफ होते, कारण त्या फार घाण होतात. बाकीच्या खोल्यांचं पुढच्या वर्षी बघू.

"मग इतर शिक्षकांना सांगा ना, थांबवा म्हणून," मी म्हटलं.

"सांगितलं. स्टाफरूममध्ये, सगळ्यांसमोर. मग एक जण म्हणाला, पण मुलांना आवडतंय." समोरच्या गाडीचे लाल दिवे त्यांच्या चेहऱ्यावर पडले होते. "मलाही आवडतं रे बाबा, असं म्हणावंसं वाटलं."

पुलाखालचं पाणी काळं होत चाललं होतं.

त्यानंतरच्या सोमवारी मी वर्गात गेले तेव्हा कठड्यावर फडकी नव्हती. आत मुलं रंगीत कागद कापत होती, घड्या घालून, नक्षी काढून. जमिनीवर कपट्यांचा सडा पडला होता. कुणाची तरी चमकी सांडली होती आणि अनवाणी पायांनी ती सगळीकडे पसरत होती. शेवटची दहा मिनिटं आली. गाणं लागलं नाही. मुलं एकमेकांकडे बघू लागली.

वल्लरी सवयीने खाली वाकली आणि ओंजळभर कपटे गोळा केले.

"राहू दे, वल्लरी," ताई म्हणाल्या.

"बट सेन्सेई..."

"राहू दे, बाळा. आज नाही."

वल्लरी क्षणभर तशीच उभी राहिली. केराची टोपली तिच्या हाताच्या अंतरावर होती. मग ती पुन्हा वाकली आणि हातातले कपटे हळूच, जिथून उचलले तिथे, परत ठेवले. घंटा झाली. मुलं बूट घालून गेली.

आठवडाभर वर्ग असाच राहिला. दिवसाआडच्या सफाईनंतर मधल्या दिवशी चमकी दारापर्यंत यायची. ताई त्यातून चालायच्या, खुर्चीवर बसायच्या, वह्या तपासायच्या. मी उठून आवरू लागले तर म्हणाल्या, "बस गं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी बसले. शेजारच्या वर्गातून सोजीचं गाणं ऐकू येत होतं, त्यांनीच दिलेलं.

पुढच्या सोमवारी अस्मिता आली. "ताई, तुमची खोली परत रोजच्या फेरीत घातली. यादीत चित्रकलेच्या खोलीच्या पुढे. काय करून ठेवलंय हे, म्हणाला सुपरवायझर."

"आणि सकाळचं, मॉलचं काम?"

"एका खोलीने कुठे सुटतंय ते? पण शुक्रवारी सकाळी जायला नको आता." तिने जमिनीकडे बघितलं, मग ताईंकडे. "आज जपान नाही?"

"नाही."

अस्मिताने पाठीवरचा पट्टा आवळला आणि व्हॅक्यूम सुरू केला. कपटे नळीत खडखडत जाऊ लागले. खिडकीकडून फळ्याकडे, फळ्याकडून टेबलाकडे ती येत गेली. ताईंच्या खुर्चीपाशी येऊन थांबली, काही बोलली नाही. त्या आवाजात बोललेलं ऐकूही आलं नसतं.

ताईंनी वहीतून मान वर केली. तिच्याकडे बघितलं. आणि दोन्ही पाय वर उचलून घेतले.