दाराखालून सरकवलेलं आमंत्रण

पत्रक लिहायची मला कधी भीती वाटली नाही. संस्थानाच्या काळात आमच्या घरी ज्वारीच्या कणगीत सरकारविरोधी पत्रकं लपवलेली असायची आणि वडिलांनी मला अक्षरओळख त्यांच्यावरूनच करून दिली. ‘कमळ बघ’ वाचायच्या आधी मी ‘बंधूंनो, उठा’ वाचलं. पुढे आम्ही जालन्यात मस्तगड भागात राहायला आलो, मी मॅट्रिक झाले, तोवर माझ्या नावावर पाचपन्नास तरी जळजळीत वाक्यं जमा झाली होती. त्यातलं एकही मी कुणाच्या तोंडावर बोलले नव्हते.

त्याला एक कारण होतं. एकदा दारूबंदीच्या अर्जावर सह्या घ्यायला मी एका घरी गेले होते. दारात बाई उभी होती, अगदी माझ्यासमोर. ती म्हणाली, “घरात कुणी न्हाई,” आणि कवाड लावून घेतलं. मी त्यावर पत्रक लिहिलं, ‘जी स्वतःला कुणीच समजत नाही’ असं. वडिलांना ते फार आवडलं. पण त्यानंतर मी कुणाचं दार वाजवलं नाही. मी भिंतींवर कागद चिकटवायचे, पारावर दगडाखाली ठेवायचे. भिंत नाही म्हणत नाही.

त्या वर्षी श्रावणात मी बायकांसाठी वाचन-लेखनाचा वर्ग काढला. शाळेच्या मोठ्या बाईंनी दुपारची एक खोली दिली होती. “पोळ्यापर्यंत बघ,” त्या म्हणाल्या, “बायका आल्या तर खोली तुझी. नाहीतर मला तिथं शिवणाची मशीन ठेवायचीय.”

वर्ग कुणासाठी काढला ते सांगायला हवं. आमच्या भिंतीला भिंत लागून एक विधवा वहिनी राहायची. वयानं माझ्याहून थोडीच मोठी. मी परसात वडिलांना पेपर वाचून दाखवायचे तेव्हा ती पलीकडे भांडी घासत असायची आणि मी थांबले की भिंतीपलीकडून आवाज यायचा, “मंग? पुढं काय झालं त्याचं?” ती असं विचारायची तेव्हा मला वाटायचं, हिला वाचता आलंच पाहिजे. ती भांडी ठेवून स्वतः पेपर उलगडून बसलीय, असं मी कितीदा मनात पाहिलं होतं.

आमच्याकडे बायकांना बोलवायची रीत ठरलेली. हातात कुंकवाचा करंडा घ्यायचा, दारोदार जायचं, कपाळाला बोट टेकवायचं आणि ‘या हं’ म्हणायचं. कुंकू लावलं नाही तर बोलावणं झालं नाही. आणि विधवेचं दार टाळून पुढे जायचं. लहानपणी मीही तसा करंडा घेऊन फिरले होते आणि आईनं सांगितलेली दारं टाळली होती. त्याची मला पुढे इतकी चीड आली की मी ठरवून टाकलं, असलं बोलावणं मी करणार नाही. कुंकू हे माणसाच्या किमतीचं माप नाही, असं मी छापूनही टाकलं.

म्हणून मी पत्रक काढलं. वर मोठ्या टायपात: ‘भगिनींनो, अंधाराची कवाडं फोडा!’ खाली बारीक अक्षरात जागा आणि वेळ. दुपारी गल्ली निजली की मी एकेका दाराखालून कागद आत सरकवत गेले. पायातल्या चपला हातात घेऊन. हे तत्त्वासाठी चाललंय, असं मला खरंच वाटत होतं.

पहिल्या दिवशी वर्गात मी आणि खडू. दुसऱ्या दिवशी एक म्हातारी नातवाला कडेवर घेऊन आली. मी धावतच पुढे गेले. ती म्हणाली, “इथं देवीची लस टोचून राह्यले ना पोरांला?” नाही म्हटल्यावर ती गेली. मग मी आणखी कडक पत्रक लिहिलं, ‘झोपलेल्या भगिनींनो’ म्हणून, आणि तेही दाराखालून सरकवलं. खोली तशीच रिकामी राहिली. पोळा जवळ येत चालला.

आमच्या गल्लीतल्या आक्कांनी नळावर सगळं उघडं केलं. मी घागर लावली होती. आक्का दुसऱ्या बाईला सांगत होत्या, “दोनदा आला बई कागद. मी तर भ्यालेच. म्हटलं घराच्या टॅक्सची नोटीस. आपल्या दाराखालून दुसरं काय येतं?”

“मंग? वाचला कुणी?”

“ह्यांनी उलटासुलटा करून पाह्यला. ह्यांची शाळा सगळी उर्दूतली. म्हणले, नोटीसच असंन, ठेव डब्याखाली.”

“आक्का,” मी म्हणाले, “ती नोटीस नाही. माझं पत्रक आहे. बायकांना लिहायला-वाचायला शिकवायचा वर्ग आहे.”

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग इतक्या हसल्या की माझी घागर भरून वाहू लागली तरी कुणाला कळलं नाही. “अगं माय! ज्यांला वाचता येत न्हाई त्यांला कागद धाडून राह्यली व्हय तू? मॅट्रिक झाली ना गं तू?”

नळावरच्या सगळ्याच हसल्या. मीही हसल्यासारखं केलं. माझे कान तापले होते. एवढी साधी गोष्ट मला दिसली नव्हती. आणि ती का दिसली नव्हती, तेही तिथंच, घागर उचलता उचलता, मला कळलं. मला ती पाहायचीच नव्हती. पाहिली असती तर दारात उभं राहावं लागलं असतं.

घागर तशीच ओट्यावर ठेवून मी वहिनीकडे गेले. ती दारात बसून ज्वारी पाखडत होती.

“वहिनी, शाळेत मी वर्ग घेतेय. तुम्ही या.”

तिचं सूप थांबलं नाही. “मला ठाऊक हाय. दिरांनी वाचून दाखवलं, हसत हसत. म्हटलं असंन गल्लीतल्या बायकांला बोलावणं. आपल्याला कोण बोलावतंय.”

“पण तुमच्याही दाराखालून टाकलं होतं मी.”

“दाराखालून आमच्याकडं मांजर येतं.”

मी म्हणाले, “मी मुद्दाम कुंकू घेऊन फिरले नाही, वहिनी. तुम्हाला वगळणारी ती रीत मला...”

“कुंकू कुणी मागितलंय? तोंड व्हतं की तुला. रोज ह्या दारावरून जायचीस. मी वाट पाहून राह्यले व्हते, आज थांबंन, उद्या थांबंन.”

ज्यांचं दार टाळलं जातं त्यांच्या नावानं मी पत्रकं लिहीत होते, आणि त्यांचं दार टाळत होते. मी कसंबसं म्हणाले, “आता चला. उद्यापासून.”

“आता न्हाई जमायचं. माझा भाऊ येऊन राह्यला परवा. तीर्थपुरीला माहेरी चालले मी. सासूबाईनंच निरोप धाडला, की इथं हिला काही काम न्हाई, शेतात तरी हात लागंल.” मग तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “शिकत असते तर म्हटलं असतं त्यांला, राहू द्या, शिकून राह्यले. आता कशाच्या जोरावर म्हणू?”

सासूबाई आत देवापाशी वाती वळत होत्या. गल्लीत त्यांच्यासमोर पुरुषही जपून बोलत. वहिनीला न विचारण्याचं माझं खरं कारण त्याच होत्या, हे मी स्वतःला कधी सांगितलं नव्हतं. मी उंबऱ्यातून आत गेले.

“काकू, वहिनीला ठेवून घ्या. दुपारी दोन घटका वर्गाला पाठवा. मी घेऊन जाईन, आणून सोडीन.”

त्यांनी वात खाली ठेवली. ओरडतील, बाहेर काढतील, असं वाटलं. त्या नुसत्या म्हणाल्या, “पंचमीच्या टायमाला आली असतीस तर इचार केला असता. तवा मलाबी तिला धाडायचं नव्हतं. आता निरोप गेला. तिच्या भावाला काय तोंड दाखवू? न्हाई म्हणजे न्हाई.”

झालं. ज्याला मी श्रावणभर, खरं तर कितीतरी वर्षं भीत होते, ते एवढंच होतं. एक वात वळण्याएवढा वेळ लागला. वहिनी बाहेर सूप हलवत होती, पण सुपात आता काही नव्हतं.

घरी गेले असते तर मी पत्रक लिहिलं असतं. म्हणून गेले नाही. तशीच समोरच्या दारावर गेले आणि कडी वाजवली. तिथले आजोबा म्हणाले, “आमच्या घरच्या बायका असल्या ठिकाणी जात न्हाईत. आन् तुझ्या बापाला सांग, पोरीचं लगीन लाव जल्दी.” मी “बरं” म्हणाले आणि शेजारच्या दारावर गेले. तिथल्या बाईनं विचारलं, “बसायला पाट हाय का तिथं? खाली बसलं की माझे गुडघे धरतेत.” पाट मी घरून आणीन म्हणाले. आक्कांनी सुनेला पुढे केलं, “हिला शिकव. मी बसते राखण करत, ही डुलक्या घेते.” पुढच्या एका दारात मला पुन्हा नाही म्हणाले. त्यापुढच्याही. छातीत दरवेळी धडधडायचं. ते काही कमी झालं नाही. पण धडधडतानाही कडी वाजवता येते.

दोन दिवसांनी खोलीत बायका होत्या. मोठ्या बाई दारातून डोकावून गेल्या आणि मशिनीचं काही बोलल्या नाहीत. पाटावरच्या बाईचा ‘ग’ उलटा निघत होता आणि आक्का झोपी गेल्या होत्या.

त्याच दुपारी वहिनी भावामागून तीर्थपुरीच्या मोटारीकडे निघाली. शाळेवरूनच रस्ता होता. आतून ‘अ, आ’चा कालवा ऐकून ती थांबली. मी बाहेर आले. बोचकं तिनं या हातातून त्या हातात घेतलं. भाऊ पुढे गेला होता.

“वहिनी, मी...”

“जा, शिकव,” ती म्हणाली. “बाया बसल्यात.”

मी आत गेले.