गोलचं जाळं

बोर्लीच्या मैदानात फुटबॉलच्या गोलला मासेमारीचं जुनं जाळं बांधलेलं असायचं. सामना संपला की एक म्हातारा कोळी येऊन जाळ्याचा फाटलेला भाग विणत बसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

त्या दिवशी आमच्या गावचा संघ सलग पाचव्यांदा हरला आणि आम्ही बघे त्या म्हाताऱ्याच्या डोक्याशी उभे राहून भांडलो. मी घसा फोडून सांगत होतो, कोच तरुण आहे, जरा दम धरा. बाकीचे म्हणत होते, हाकला त्याला.

म्हाताऱ्याने दातांनी दोरा तोडला. "ठेवा न्हायतर काढा. चांगली खेळणारी पोरं सगळी दुबईला गेली. आता कोचचाबी व्हिसा आलाय. तुमाला सांगायला लाजतो."

मग अर्धवट विणलेलं जाळं त्याने खांबावरून सोडलं आणि गुंडाळायला घेतलं. कुणीच त्याला अडवलं नाही. मीसुद्धा.